तांबडी घार पाहायची आहे? इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

रीडिंगला राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला घार दिसली. वाटलं, चला, एक तरी ओळखीचं भेटलं. लहानपण रत्नागिरीत गेलेलं, त्यामुळे घारी म्हणजे घरच्याच. दोन दिवसांनी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ही आपली घार नव्हे. अंगाने मोठी, रंगाने तांबूस आणि शेपटीला खोल खाच, कात्रीने त्रिकोण कापून काढावा तशी. ही तांबडी घार. इंग्रजीत रेड काइट, शास्त्रीय नाव मिल्वस मिल्वस.

त्याला आता आठ वर्षं झाली. स्लाउ, रीडिंग, लंडन भागात नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींना मी या घारी दाखवायला घेऊन गेले आहे. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात: कुठे जायचं, कधी जायचं, गाडी नसेल तर कसं, दुर्बीण कुठली घ्यायची, आणि "घरामागे बोलवायला काय टाकू?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी सातव्या पायरीत जरा विस्ताराने दिलं आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

१. आधी नावाचा घोळ मिटवा

कोकणातल्या माणसाला "तांबडी घार" म्हटलं की ब्राह्मणी घार आठवते. पांढरं डोकं, पांढरी छाती, बाकी अंग विटकरी, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या टोपल्यांवर घिरट्या घालणारी. ती वेगळी. तिच्या शेपटीचं टोक गोल असतं. देवनारच्या कचऱ्यावर शेकड्यांनी दिसते ती आपली नेहमीची घार, रंगाने काळपट तपकिरी. तिच्या शेपटीला खाच असते, पण उथळ. शेपूट पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ मिटते. तिसरी कापशी, पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची, शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबणारी.

इंग्लंडात या तिघींपैकी आपली नेहमीची घार कधीमधी वाट चुकून येते, तीही अगदी थोडी. म्हणजे रीडिंगच्या आकाशात खोल दुभागलेल्या शेपटीचा मोठा शिकारी पक्षी दिसला, तर तो ही तांबडी घारच समजा.

२. शेपटीवरून ओळखायला शिका

घोळ होतो तो बझर्डशी. हा इथला दुसरा मोठा शिकारी पक्षी, आणि तोही तसाच आभाळात गोल गोल फिरतो. नवीन माणूस दहातल्या चार वेळा तरी बझर्डलाच घार म्हणतो. फरक असा पाहा:

- शेपूट: बझर्डची आखूड, पंख्यासारखी गोल पसरलेली. घारीची लांब, नारिंगी-तांबूस, मधोमध खोल खाच.
- पंख: बझर्ड तरंगताना रुंद पंख थोडे वर उचलून धरतो, समोरून पाहिलं तर उथळ कपबशीसारखा आकार दिसतो. घारीचे पंख लांब, अरुंद, मनगटात वाकलेले आणि किंचित खाली झुकलेले.
- पंखांची खालची बाजू: घारीच्या पंखांखाली, टोकाच्या जरा अलीकडे, दोन ठळक पांढरे चौकोन दिसतात. खिडक्यांसारखे. त्यापुढे पंखांची टोकं काळी.
- आवाज: बझर्डचा मांजरासारखा, "पीऽयाव". घारीची बारीक, थरथरती शीळ, "वीऽऊ, वीऊ-वीऊ". लांबून कुणीतरी शिट्टी मारून बोलावतंय असंच वाटतं.

डोकं फिकट राखाडी, त्यावर बारीक काळ्या रेघा. चोचीचं मूळ आणि पाय पिवळे. पहिल्या वर्षातली पिल्लं एकंदर फिकी, छातीवर पांढुरक्या रेषा, आणि शेपटीची खाचही कमी. जुलै-ऑगस्टमध्ये "खाच फार खोल नाही, मग ही कोण?" असा प्रश्न पडला तर ते नुकतं उडायला लागलेलं पिल्लू असण्याची शक्यता जास्त.

आकडे सांगायचे तर लांबी ६० ते ७० सेंटिमीटर, पंखांचा विस्तार साधारण १७५ ते १९५ सेंटिमीटर, आणि वजन मात्र किलोच्या आसपास. एवढे मोठे पंख आणि एवढंसं वजन, म्हणून तर ती पंख न हलवता तासभर तरंगू शकते.

पण हे सगळं पाठ करण्यापेक्षा एकदा शेपटीकडे बघत राहा. माझी आई इथे आली होती तेव्हा मी तिला वॉटलिंग्टनच्या टेकडीवर नेलं. वारा चांगला होता. एक घार उतारालगत आमच्या खालून वर आली आणि दहा-बारा हातांवर, अगदी डोळ्यांच्या रेषेत थबकली. पंख स्थिर, एकही फडफड नाही. फक्त शेपूट हलत होती. डावी कड खाली, उजवी वर, मग उलट, मधेच खाच मिटून शेपूट सरळ, की पुन्हा उघडली. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला तिचं शेपटीने उत्तर. पाठीवर पंखांच्या मधून गेलेला फिका पट्टा, तांबूस पिसांच्या काळ्या दांड्या, फिकट पिवळा डोळा, सगळं दिसलं. आई म्हणाली, "अगो, ही सुकाणू धरून बसलीय." जन्मभर होड्या पाहिलेल्या बाईने एका वाक्यात जे सांगितलं त्यापेक्षा चांगली खूण मला आजवर सापडलेली नाही. बझर्ड असा शेपटीने वल्हवत नाही. शेपूट सुकाणूसारखी फिरताना दिसली की बाकी काही तपासायची गरज नाही.

३. काय काय लागेल

- दुर्बीण: ८×४२. यापेक्षा जास्त ताकदीची घेतलीत तर हात हलतो आणि उडणारा पक्षी सापडत नाही. नवीन महाग घेण्याआधी जुन्या वस्तूंच्या दुकानात बघा. मात्र हातात घेऊन, दोन्ही डोळ्यांनी एकच गोल दिसतो ना हे तपासूनच घ्या.
- बूट: टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. पावसानंतर पांढरा चिखल होतो आणि तो साबणासारखा घसरतो. साध्या कॅनव्हासच्या बुटांवर जाऊ नका.
- नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १७१, चिल्टर्न हिल्स वेस्ट. दरीत फोनची रेंज जाते, तेव्हा कागदच कामाला येतो.
- वाऱ्याचं जॅकेट, अगदी जूनमध्येसुद्धा. घार जिथे मजेत तरंगते तिथे आपल्याला थंडी वाजते.
- कागदपत्रं: टेकडीवर जायला कसलाही परवाना लागत नाही. ट्रेनने जाणार असाल तर रेलकार्ड जवळ ठेवा. १६ ते २५ वयाच्या आणि विद्यार्थ्यांच्या कार्डावर तिकीट एक तृतीयांशाने स्वस्त होतं. भाड्याने गाडी घेणार असाल तर भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, त्यानंतर नाही. तारीख मोजून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एकाने ती मोजली नव्हती आणि गाडी घ्यायला गेल्यावर काउंटरवरूनच परत आला.

कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. आभाळाच्या पार्श्वभूमीवर घार काळी येते, म्हणून एक्स्पोजर एक पायरी वाढवून ठेवा.

४. कुठे जायचं, आणि तिथेच का

रीडिंग, कॅव्हरशॅम, हेन्ली, हाय विकम या भागात राहत असाल तर खरं म्हणजे मान वर केली तरी पुरे. पण जवळून पाहायचं तर चिल्टर्न टेकड्यांची कड गाठा. माझ्या पसंतीच्या जागा दोन.

पहिली वॉटलिंग्टन हिल. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची जागा आहे आणि गाडीतळ टेकडीच्या माथ्यालगतच आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांनाही नेता येतं. थोडंसं चाललं की उघडा उतार, खाली ऑक्सफर्डशायरचं मैदान. उतारावर गवतातून खडू कोरून केलेला एक लांबट पांढरा त्रिकोण आहे. गावच्या चर्चला शिखर नाही याची खंत वाटून एडवर्ड हॉर्न नावाच्या गृहस्थाने १७६४मध्ये तो कोरवून घेतला. त्याच्या घरातून पाहिलं की चर्चला शिखर आहे असं भासावं म्हणून.

दुसरी ॲस्टन रोवंट राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. टेकडी चिरून एम४० महामार्ग जातो तो इथूनच. गाडी नसलेल्यांसाठी ही सोपी. लंडनच्या व्हिक्टोरियाहून "ऑक्सफर्ड ट्यूब" सुटते. नावाला फसू नका, ती भुयारी रेल्वे नाही, बस आहे. लुकनरच्या थांब्यावर उतरायचं आणि रिजवे या जुन्या पायवाटेकडे चालायला लागायचं. दुसरा मार्ग, मॅरिलबोनहून ट्रेनने हाय विकम आणि तिथून बसने स्टोकनचर्च. रविवारी बसगाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

आता या टेकड्यांवरच इतक्या घारी का? हे माहीत असलं की पाहण्यात फरक पडतो, म्हणून सांगते.

एके काळी लंडनच्या रस्त्यांवर या घारी आपल्या देवनारसारख्या होत्या, घाण उचलून नेणाऱ्या, माणसांना न भिणाऱ्या. मग १५६६च्या कायद्याने त्या उपद्रवी ठरल्या आणि मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळू लागलं. पुढे शिकारीसाठी पाळलेल्या फेझंट या रानकोंबडीसारख्या पक्ष्यांच्या राखणदारांनी उरल्यासुरल्या संपवल्या. बंदूक, सापळे, विष, आणि दुर्मीळ झाल्यावर अंडी जमवणारे. १८७१पर्यंत इंग्लंडातून आणि १८७९पर्यंत स्कॉटलंडमधून त्या नाहीशा झाल्या. मध्य वेल्सच्या वरच्या दऱ्यांत मोजक्या जोड्या टिकल्या. १९०३मध्ये तिथल्या काही लोकांनी समिती करून घरट्यांची राखण सुरू केली, ज्याच्या रानात घरटं सुखरूप राहील त्या शेतकऱ्याला बक्षीस दिलं. तरीही एक वेळ अशी आली की साऱ्या वेल्श घारींचा वंश एका मादीवर टिकून होता, असं पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं.

वेल्समधून त्या आपणहून पसरेनात. म्हणून १९८९मध्ये आरएसपीबी ही पक्षिसंरक्षण संस्था आणि सरकारी निसर्गसंवर्धन खातं यांनी मिळून बाहेरून पिल्लं आणायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या ब्लॅक आइलवर स्वीडनमधली आणि इथे चिल्टर्नमध्ये मुख्यतः स्पेनमधली. जुलै १९९०मध्ये स्पेनहून विमानाने १३ पिल्लं आली. १९९४पर्यंत चिल्टर्नमध्ये सुमारे ९० घारी सोडल्या गेल्या. सोडण्याआधी त्यांना काही आठवडे रानातल्या मोठ्या पिंजऱ्यांत ठेवत आणि माणूस दिसणार नाही अशा बेताने खायला देत, म्हणजे माणसाचा हात आणि अन्न यांची सांगड त्यांच्या मनात बसू नये. १९९२मध्ये इथे पहिली पिल्लं झाली. पुढे नॉर्थॅम्प्टनशायर, यॉर्कशायर, गेट्सहेड, कंब्रिया इथेही असेच प्रयोग झाले. आज ब्रिटनमध्ये सुमारे सहा हजार जोड्या आहेत.

आणि २०२२पासून उलटा प्रवास सुरू झाला. नैर्ऋत्य स्पेनमध्ये या घारी फार कमी झाल्या, म्हणून नॉर्थॅम्प्टनशायरच्या रानातली पिल्लं तिकडे एक्स्त्रेमादुरात नेऊन सोडली. त्या पिल्लांच्या पणज्या-खापरपणज्या स्पेनमधूनच आलेल्या. ही बातमी वाचली त्या दिवशी मी माहेरी फोन करून सांगितली होती.

५. कधी जायचं

भल्या पहाटे उठून जायची सवय इथे उपयोगाची नाही. घारीला उडायला ऊन तापून वर चढणारी हवा लागते, नाहीतर वारा. सकाळी दहाच्या आधी आणि रिमझिम पावसात ती झाडावर बसून राहते. वॉटलिंग्टनची कड वायव्येकडे तोंड करून आहे, म्हणून दहा ते बारा उत्तम: प्रकाश तुमच्या पाठीशी असतो. पश्चिमेचा वारा असेल तर आणखी चांगलं. तो उताराला आपटून वर चढतो आणि त्यावर घारी रेलून राहतात.

मार्चमध्ये जोड्या आभाळात एकमेकींभोवती फिरतात. एप्रिलमध्ये अंडी, बहुतेक एक ते तीन. महिनाभर उबवणं, त्यानंतर दीड-दोन महिने पिल्लू घरट्यात. जून-जुलैत कुठे गवत कापणारा ट्रॅक्टर चालू दिसला तर थांबा. मागे वीस-वीस घारी येतात, कापलेल्या गवतातले उंदीर आणि किडे टिपायला. हिवाळ्याबद्दल शेवटी सांगते.

६. टेकडीवर पोचल्यावर

चालत राहू नका. एका जागी, पाठीला झाड किंवा झुडूप धरून बसा आणि वीस मिनिटं थांबा. उतारावरच्या यू या गर्द हिरव्या, सुयांसारख्या पानांच्या झाडांच्या रांगेवर नजर ठेवा. घारी तिथूनच कडेकडेने येतात. दुर्बीण आधी डोळ्यांना लावून पक्षी शोधायला जाऊ नका. नजर पक्ष्यावर ठेवायची, मान न हलवता दुर्बीण वर आणायची. दोन-तीनदा जमणार नाही, मग जमेल.

पंखावर रंगीत बिल्ला दिसला तर रंग आणि अक्षरं टिपून ठेवा. डाव्या पंखाचा बिल्ला प्रदेश सांगतो, उजव्याचा वर्ष. तुमच्यापैकी अनेकजण भारतात ई-बर्ड या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या नोंदी करत असतील. तीच सवय इथेही चालू ठेवा. इथले लोक बर्डट्रॅकही वापरतात.

एम४०वरून जाताना घारी अगदी गाडीवरून जातात आणि मोह होतो. पण महामार्गाच्या कडेला फोटोसाठी गाडी थांबवणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतू शकतं. पुढच्या फाट्याला बाहेर पडा.

७. खाऊ घालू नका

पहिल्या हिवाळ्यात रविवारच्या कोंबडीच्या रश्श्यातले उरलेले तुकडे मी मागच्या अंगणात टाकले. दहा मिनिटांत घार आली. खाली उतरलीसुद्धा नाही, पायाने उचलून उडता उडताच खाल्लं. मुलगी आनंदाने ओरडली. मग ते दर रविवारचं झालं. एकाच्या चार झाल्या, चाराच्या नऊ. उन्हाळ्यात मुलगी बाहेर उभी राहून पोळीचा रोल खात होती. मागून सावली आली, हातातला रोल गेला आणि बोटावर नखाचा लांब ओरखडा राहिला. ती पाच वर्षांची होती. पुढे वर्षभर ती अंगणात खायला बसली नाही.

यात घारीचा काही दोष नव्हता. हातातलं अन्न आपल्यासाठी असतं हे तिला मीच शिकवलं होतं. या घारींना सोडताना माणसाचा हात दिसू नये म्हणून लोकांनी घेतलेले कष्ट मला तेव्हा माहीत नव्हते.

शिजवलेलं, मीठमसाल्याचं, हाडं काढलेलं मांस पिल्लांना घातक असतं. रानात घार उंदीर, ससा, पक्षी हाडाकेसांसकट नेते, त्यातून पिल्लांना कॅल्शियम मिळतं. आपले मऊ तुकडे भरवले तर हाडं ठिसूळ होतात आणि ती पिल्लं नीट उभीही राहू शकत नाहीत. शिवाय शेजाऱ्याच्या छपरावर पडणारे तुकडे, त्यावर येणारे उंदीर, हे वेगळंच. रीडिंग विद्यापीठाच्या पाहणीत शहरातल्या साधारण वीसातल्या एका घरातून घारींना खाऊ घातलं जातं असं आढळलं होतं. म्हणजे तुम्ही टाकलं नाही तरी गल्लीत कुणीतरी टाकत असण्याची शक्यता आहे. लहान मुलांना बाहेर खाताना झाडाखाली किंवा छत्रीखाली बसवा.

पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवता येईल का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. ठेवा. वरणभात, वडा, खीर यांच्याकडे घार ढुंकून बघत नाही. इथले कावळे आणि मॅगपाय ते संपवतात. पान कुंपणावर न ठेवता जमिनीवर ठेवा, आणि संध्याकाळी उरलेलं उचला.

एक भीती मात्र काढून टाका. घार तुमचं मांजर उचलून नेणार नाही. तिचे पाय दुबळे असतात. ती मुख्यतः मेलेल्यावर जगते, आणि मेलेल्या मेंढीचं कातडंसुद्धा तिला फाडता येत नाही. रेव्हन हा मोठा कावळा किंवा बझर्ड येऊन ते उघडेपर्यंत वाट बघत बसते. जिवंत म्हणाल तर उंदीर, लहान पक्षी, आणि पावसानंतर शेतातली गांडुळं.

८. घरट्यापासून लांब राहा

घरटं उंच झाडाच्या बेचक्यात, काटक्यांचं, आत मेंढीची लोकर. त्यात चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोरीवरून पळवलेले कपडे, लहान मुलांची खेळणीही सापडतात. ऐकून पाहावंसं वाटतं, पण ही घार वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट, १९८१च्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरट्यावर किंवा घरट्याजवळ तिला मुद्दाम अथवा बेफिकिरीने त्रास देणं हा गुन्हा आहे. मार्च ते जुलै घार डोक्यावरून फिरत सारखी शीळ घालत असेल, तर घरटं जवळ आहे असं समजून आल्या वाटेने मागे फिरा. ड्रोन तर नकोच.

९. मेलेली किंवा पडलेली घार दिसली तर

हात लावू नका. मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा. विष असेल तर ते कातडीतूनही भिनू शकतं, आणि बर्ड फ्लूचीही शक्यता असते. फोटो काढा, जागा नकाशावर टिपा, शेजारी मांसाचा तुकडा किंवा मेलेला ससा आहे का ते बघा, आणि १०१वर पोलिसांना कळवा. कुणी विष टाकताना किंवा गोळी झाडताना दिसला तर ९९९. "आपण इथे नवीन, कशाला पोलिसांच्या भानगडीत पडा" असं मनात येतं, मलाही आलं होतं. कळवणाऱ्याला काही त्रास होत नाही, ते आपलं नाव आणि जागा विचारतात, बस.

हे का सांगते, तर २०१४च्या वसंतात ब्लॅक आइलजवळ काही दिवसांत १६ घारी आणि ६ बझर्ड मेलेले सापडले. त्यातल्या १२ घारी आणि ४ बझर्ड विषाने गेल्याचं तपासात सिद्ध झालं. मेलेल्यावर जगणाऱ्या पक्ष्याला मारायला एक विषारी तुकडा पुरतो. आपल्याकडे डायक्लोफिनॅकच्या औषधाने गिधाडं गेली तीही मेलेल्या गुरांतूनच.

आणि यातला एक भाग थेट आपल्या घरात आहे. भाड्याच्या घरात उंदीर झाले की लोक दुकानातून विषाची पाकिटं आणतात. तो उंदीर बाहेर जाऊन मरतो आणि घार त्याला उचलते. त्याऐवजी दाबाचा सापळा लावा, भिंतीतली भोकं बुजवा, घरमालकाला लेखी कळवा.

१०. एकदा वेल्सला जा

रायडर गावाजवळ गिग्रिन फार्म आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रोज दुपारी घारींना मांस टाकतात. हिवाळ्यात दोनला, उन्हाळ्यात तीनला, कारण घड्याळ आपण पुढे करतो, घारी करत नाहीत. जायच्या आधी वेळ आणि सुट्टीचे दिवस त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. तिकीट लागतं, फोटोच्या आडोशासाठी वेगळं. रायडरला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन लँड्रिंडॉड वेल्स, पुढे टॅक्सी आधी ठरवून ठेवा.

"मग तिथे खाऊ घातलेलं चालतं का?" हा प्रश्न रास्त आहे. घारी अगदी थोड्या होत्या तेव्हा हिवाळ्यात कोवळे पक्षी जगावेत आणि पाहणाऱ्यांची गर्दी घरट्यांकडे न जाता एका जागी यावी, म्हणून ते सुरू झालं. कच्चं मांस, ठरलेली वेळ, मोकळं रान आणि माणसं आडोशाच्या आत. अंगणातल्या रश्श्याच्या तुकड्यांशी त्याची तुलना होत नाही. ट्रॅक्टर मांस टाकून गेला की आधी कावळे उतरतात, मग बझर्ड, आणि त्यानंतर वरून शेकडो घारी एकेक करून पंख मिटत खाली सुटतात. एकही जमिनीवर थांबत नाही.

११. हिवाळ्यातली संध्याकाळ

हे मी सगळ्यांना शेवटी दाखवते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या घारी रात्री एकत्र मुक्काम करतात. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, म्हणून तीनला जागेवर पोचा. स्टोकनचर्च ते ख्रिसमस कॉमन या पट्ट्यात रानाच्या कडेला सार्वजनिक पायवाटेवरच थांबा, झाडांखाली जाऊ नका. आधी दोन-तीन दिसतात, मग चहूकडून येत राहतात. रानावर एकत्र फिरतात, एकमेकींचा पाठलाग करतात, एखादी चोचीत काटकी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन येते आणि दुसरी तो हिसकावायला बघते. मग एकाएकी सगळ्या झाडांत उतरतात आणि शिळा थांबतात.

त्यानंतर थोड्याच वेळात मिट्ट काळोख होतो. विजेरी आणि हातमोजे खिशात ठेवा. गाडी नसेल तर परतीच्या बसला वीस मिनिटं हातात राहतील अशा बेताने निघा, कारण लुकनरचा थांबा महामार्गाच्या फाट्याला आहे आणि अंधारात तिथवर पोचायला दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो.